बेळगावकडं फार पूर्वी मारल्या गेलेल्या फौजदाराची नोंद आता कुठं मिळेल?

तुम्ही लिहिलंय की आजीचे वडील चिकोडी भागात फौजदार होते, दरोडेखोरांच्या मागावर असताना मारले गेले, साल कुणालाच नीट ठाऊक नाही आणि शहीद पोलिसांच्या यादीत नाव सापडत नाही. मी बेळगावचाच, कर्नाटक पोलिसातून निवृत्त झालोय. यादी तूर्त बाजूला ठेवा. तेव्हा तिथं राज्य कुणाचं होतं, एवढं आधी ठरवा.

आपल्याकडचा सगळा घोळ तिथंच आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबईकडं होता. म्हणजे तोवरचे फौजदार मुंबई सरकारचे नोकर, आणि आज बेंगळुरात त्यांची चौकशी केली तर लोक तोंडाकडं बघत बसतात. त्यातही चिकोडी मुंबई सरकारचं, पण शेजारचं रायबाग कोल्हापूर संस्थानात, आणि बेळगावला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानात. (साड्या घ्यायला आपण चालत जातो ते शहापूर!) सांगली १९४८ ला विलीन झालं, कोल्हापूर १९४९ ला. घटना रायबागच्या हद्दीत घडली असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात विचारा, आणि सोबत मोडी वाचणारा माणूस न्या. चिकोडीच्या हद्दीत असेल तर मुंबईच्या.

खात्यातल्या कागदांवर फार भिस्त ठेवू नका. मुदत संपली की ते नष्ट करतात, पोलिस ठाण्यातली जुनी दप्तरं तर विचारूच नका. माझा भरवसा कोर्टावर. चिकोडीच्या हद्दीत फौजदाराचा खून म्हणजे आरोपी सापडले असतील तर खटला बेळगावच्या सेशन कोर्टात चाललाच असणार. त्यात कुणाला फाशी झाली असेल तर ती हायकोर्टानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, तेव्हाही हाच नियम होता. त्यामुळं १९५६ च्या आधीचं असं प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलेलं असणार. निकालात घटना कुठं घडली, रात्र होती की दिवस, बरोबर कोण शिपाई होते, हे सगळं येतं. घरात सांगतात त्यापेक्षा ते वेगळंही निघेल, त्याची तयारी ठेवा. आजीच्या आईला पेन्शन मिळत होती का तेही विचारा. तो हुकूम ट्रंकेच्या तळाशी सापडला तर साल आपोआप मिळेल.

यादीचं म्हणाल तर दिल्लीत चाणक्यपुरीला २०१८ मध्ये राष्ट्रीय पोलिस स्मारक झालं, तिथल्या भिंतीवर नावं आहेत ती स्वातंत्र्यानंतरच्या पोलिसांची. तुमचे पणजोबा १९४७ च्या आधी गेले असतील तर तिथं नाव नसणं हा कुणाचा निष्काळजीपणा नाही. त्या काळासाठी किंग्ज पोलिस मेडलच्या गॅझेटमधल्या याद्या चाळा, ते पदक १९०९ पासून होतं.

आता तुम्ही शेवटी जे दबकत विचारलंय ते. मराठी घरात पोलिसाचा फोटो लावला तर लोक काय म्हणतील? आमच्याकडं १७ जानेवारीला हुतात्मा दिन पाळतात, बेळगाव महाराष्ट्रात राहावं म्हणून झालेल्या आंदोलनात १९५६ च्या पोलिस गोळीबारात गेलेल्यांसाठी. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातही लोक पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. मी खाकीत असतानाही माझ्या घरचे १७ तारखेला चौकात जायचे, मी बंदोबस्ताला. जेवायला एकत्रच बसायचो. पण एक गोष्ट फारसं कुणी बोलत नाही : जानेवारी १९५६ मध्ये बेळगाव अजून मुंबई राज्यातच होतं, गोळ्या झाडणारे पोलिसही मुंबई सरकारचेच. त्यामुळं सगळं 'त्यांच्या', म्हणजे कर्नाटकच्या, पोलिसांनी केलं म्हणून मोकळं होता येत नाही. दरोडेखोरांच्या मागं गेलेल्या माणसावर मात्र याचं ओझं टाकायचं काही कारण नाही. फोटो लावा.

२१ ऑक्टोबरला देशभर पोलिस स्मृतिदिन असतो, १९५९ मध्ये लडाखात हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलिस गेले त्याच्या आठवणीत. बेळगावातही परेड होते. वर्षभरात देशात गेलेल्यांची नावं वाचतात, फैरी झाडतात, म्हणजे जुनं नाव त्यात येणार नाही. पण फूल वाहायला कुटुंबाला परवानगी मिळू शकते. एसपी कचेरीत महिनाभर आधी अर्ज द्या, कन्नडात किंवा इंग्रजीत, सोबत निकालाची किंवा पेन्शनच्या हुकमाची प्रत जोडा. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.