वायरिंगचा खर्च भाड्यातून वळता केला, आता नोटीस आली

प्रश्न : ठाण्यात चरईतल्या एका जुन्या पागडीच्या इमारतीत आम्ही दोन पिढ्यांपासून भाडेकरू आहोत. भाडं महिना २४० रुपये. स्विचबोर्डातून ठिणग्या उडायला लागल्या. मालकांना फोन केले, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, ते फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी वायरमन बोलावून ३८,००० रुपयांत घराचं वायरिंग बदललं आणि खर्च फिटेपर्यंत भाडं थांबवलं. चौदा महिन्यांनी, १२ जूनला, मालकांच्या वकिलाची थकबाकीची नोटीस मिळाली. वायरसाठी भिंतीला झिऱ्या (खाचा) पाडून कायमस्वरूपी बांधकाम आणि इमारतीचं नुकसान केलं, असंही त्यात आहे. दुरुस्ती हे मालकाचंच कर्तव्य ना? मग आमचं चुकलं कुठे? आणि जिन्याखालच्या मीटरबोर्डाची दुरुस्ती कोणी करायची?

उत्तर : अशी पत्रं नौपाड्यातून, खारकर आळीतून नेहमी येतात आणि प्रत्येकाला वायरिंगबद्दलच बोलायचं असतं. तुमच्यापुढचा प्रश्न वायरिंगचा नाही, १० सप्टेंबरचा आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ नुसार भाडं थकलं म्हणून मालकाला घर रिकामं करून मागायचं असेल, तर आधी लेखी मागणी करावी लागते आणि ती तुम्हाला मिळाल्यापासून नव्वद दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. १२ जूनपासूनचे नव्वद दिवस १० सप्टेंबरला भरतात. तुमचं पत्र माझ्याकडे आलं ऑगस्ट निम्मा सरल्यावर. दोन महिने ती नोटीस कपाटात ठेवून काय साधलं, ते तुम्हीच जाणे. थकबाकी ३,३६० रुपयांची आहे, आणि त्यासाठी चरईतलं घर पणाला लागलंय.

तेव्हा नोटिशीतली रक्कम आणि त्यानंतर चढलेलं भाडं याच आठवड्यात द्या. आकडा पटत नसेल तर हरकत लिहून द्या, पण द्या. चेक आणि सोबत पत्र, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. मालकाचा खाते क्रमांक ठाऊक असेल तर रक्कम थेट खात्यात टाका आणि तसं पत्रात लिहा. टपाल नाकारलं गेलं तर पोस्टमनचा शेरा असलेला तो लिफाफा न फोडता जपून ठेवा. तो उत्साहाने फोडून माझ्यापुढे ठेवणारे अशील मी पुष्कळ पाहिलेत.

मुदत हुकली तर? दाव्याचं समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळी थकबाकी, तिच्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरून, पुढे निकाल लागेपर्यंत नियमित भाडं देत राहिलं, तर ताबा वाचू शकतो. मात्र त्या ‘नियमित’वर एक महिना चुकला तरी खेळ संपू शकतो, आणि ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात निकाल लागेपर्यंत असे महिने किती येतील ते मी सांगू शकत नाही. या दुसऱ्या संधीवर विसंबून राहू नका.

आता ते ३८,०००. कलम १४ मालकावर घर राहण्याजोगं ठेवण्याचं बंधन घालतं खरं, पण भाडेकरूने वेगळा करार केलेला नसेल तरच. म्हणून आधी पागडीचा करार आणि जुन्या भाडेपावतीची मागची बाजू वाचा. ‘अंतर्गत दुरुस्ती भाडेकरूने करावी’ ही ओळ तिथे निघाली तर पुढचं वाचायचं कारण नाही. नसली, तरी काम स्वतः करून खर्च कापण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती टपालाने ‘किंवा इतर रीतीने’ चालते, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश म्हणजे नोटीसच, असा युक्तिवाद करता येईल. पण तुम्ही चौथ्या दिवशी वायरमन बोलावलात. पंधरा दिवस कुठे भरले?

आणि समजा नोटीस बिनचूक दिली असती, तरी कोणत्याही वर्षी कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त चालत नाही. तुमचं वर्षाचं भाडं २,८८०. चौथा हिस्सा ७२० रुपये. या हिशेबाने ३८,००० फिटायला बावन्न वर्षांहून अधिक लागतील. पागडीच्या घरात हे कलम मनाच्या समाधानापलीकडे फार काही देत नाही. एसीसाठी वेगळा पॉइंट वगैरे वाढवला असेल तर तो भाग दुरुस्तीत बसेल का, याचीही मला खात्री नाही.

झिऱ्यांबद्दल : वायरिंग म्हणजे कायमस्वरूपी बांधकाम, हे म्हणणं टिकेल असं मला वाटत नाही. पण इमारत भारवाही भिंतींची असेल आणि खोल झिऱ्या पाडल्या असतील, तर नुकसानीचा मुद्दा पूर्ण पोकळही नाही. कामाचे फोटो, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं बिल आणि चाचणी अहवाल जमवा. कोऱ्या कागदावर आकडा लिहून देणारा वायरमन असेल तर त्याच्या हिशेबाला व्हाउचर, म्हणजे खर्चाचा पुरावा, म्हणता येणार नाही.

जिन्याखालच्या मीटरबोर्डाचंही तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. मीटरपर्यंतची वाहिनी महावितरणची, तक्रार १९१२ वर करा. मीटरनंतरचं सामाईक काम मालकाचं, त्यासाठी सगळ्या भाडेकरूंनी मिळून लेखी नोटीस द्यावी. विद्युत निरीक्षकांना अर्ज जरूर करा, मात्र ते दोन खोल्या तपासायला लगेच येतील असं धरू नका. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जाऊ नका. ते मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या) इमारतींसाठी आहे.

वाशी-नेरुळच्या सिडको घरांत लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी या उत्तरातलं काहीच स्वतःला लावून घेऊ नये. कलम १४ भाडेकरूसाठी आहे, त्यांना फक्त स्वतःचा करार आहे.

आणि बोर्डातून पुन्हा ठिणगी उडाली तर पंधरा दिवस मोजत बसू नका. मेन स्विच पाडा, काम करून घ्या, आणि तो खर्च स्वतःचाच धरा. भाडं मात्र चालू ठेवा.