स्टँडर्ड थ्रेड घ्या, पण स्टॅक किती ते बघा

लिनक्सवर पीथ्रेडने (थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधली समांतर चालणारी कामं, बनवायची लिनक्स-मॅकवरची लायब्ररी) लिहिलेलं टूल विंडोज आणि मॅकवर न्यायचंय, तर प्रत्येक ठिकाणी तिथलं नेटिव्ह वापरू की सी++चा स्टँडर्ड थ्रेड, असं तुम्ही विचारलंय. स्टँडर्ड घ्या. तो २०११ पासून भाषेतच आहे. प्रोजेक्टमध्ये क्यूटी (सी++ची अ‍ॅप बनवायची फ्रेमवर्क) आधीपासून असेल तर त्याचा थ्रेडही चालेल. नुसत्या थ्रेडसाठी मात्र क्यूटी आणू नका.

आता अडतं कुठे ते सांगतो. अंधेरीला नोकरीला असताना आमचा एक रिकर्सिव्ह पार्सर होता, म्हणजे फाइल उलगडताना स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारा कोड. लिनक्सवर वर्षभर सुरळीत, मॅकवर मोठी फाइल दिली की क्रॅश. तीच फाइल मेन थ्रेडवर (प्रोग्रॅम सुरू होतो तो पहिला थ्रेड) दिली तर काही नाही! दोन दिवस आम्ही मेमरी करप्शन शोधत बसलो. शेवटी बॅकट्रेस (क्रॅशच्या वेळी कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं त्याची यादी) नीट पाहिला: एकच फंक्शन वरपासून खालपर्यंत, सकाळी नऊला घाटकोपरच्या फलाटावर डोकी दिसतात तसं. स्टॅक, म्हणजे फंक्शन कॉलसाठी प्रत्येक थ्रेडला मिळणारी ठरावीक मेमरी, संपत होता. लिनक्सवर थ्रेडला सहसा ८ एमबी स्टॅक मिळतो, विंडोजवर १ एमबी आणि मॅकवर मेन सोडून बाकीच्या थ्रेडना फक्त ५१२ केबी.

गंमत अशी की स्टँडर्ड थ्रेडला स्टॅकचा आकार सांगायची सोयच नाही. नेटिव्ह हँडल (सिस्टिमच्या मूळ थ्रेडपर्यंत पोचायची खूण) काढून प्रायॉरिटी बदलता येते, पण ते हँडल थ्रेड सुरू झाल्यावर हातात येतं आणि स्टॅक त्याआधीच ठरलेला असतो. मग आम्ही तेवढ्या एका थ्रेडसाठी वेगळी फाइल केली: मॅक आणि लिनक्सवर पीथ्रेडच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये आकार, विंडोजवर बिगिनथ्रेडएक्स या थ्रेड सुरू करणाऱ्या फंक्शनला. बाकी सगळं स्टँडर्डच राहिलं. बूस्ट या सी++ लायब्ररीच्या थ्रेडला आकार देता येतो, पण एका थ्रेडपायी बूस्ट ओढून आणणं मला पटलं नाही. खरं तर रिकर्शनच काढायला हवं होतं, पण रिलीज डोक्यावर होती.

थ्रेडला नाव द्यायचं असेल तर तेही त्याच फाइलमध्ये टाका. लिनक्सवर कुठल्याही थ्रेडला नाव देता येतं, पण १५ अक्षरांपर्यंतच. मॅकवर थ्रेड फक्त स्वतःचं नाव ठेवू शकतो.

आणि पुढे अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये चालवायचा विचार असेल तर आधीच तपासा. तिथल्या मसल (musl) या सी लायब्ररीत थ्रेडला मुळात १२८ केबीच मिळतात.