अवयव, विभाजक आणि भाजक

प्रश्न असा आहे: ‘७,२०,७२० या संख्येचे अवयव किती, यावर एकाने ६ सांगितले, दुसऱ्याने १० आणि तिसऱ्याने २४०. अवयव, विभाजक आणि भाजक हे शब्द एकाच अर्थाचे का?’

तिघांचंही गणित बरोबर आहे, घोळ शब्दाचा आहे.

आधी क्रियापद बघा. मराठीत अवयव ‘पाडतात’. ‘मूळ अवयव पाडा’ म्हटलं की संख्या अशी सोडवायची की ते तुकडे गुणले की तीच संख्या परत उभी राहील. या संख्येचे अवयव पाडणं सोपं आहे. ७२० हाच आकडा दोनदा आलाय, म्हणजे ती ७२० × १००१. आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. (तीन अंकी कुठलीही संख्या अशी दोनदा लिहून बघा, या तिघांनी भाग जाणारच.) ७२० चे अवयव पडतात चार वेळा २, दोन वेळा ३ आणि एकदा ५. त्यात ७, ११, १३ धरून सगळे मोजले तर १०, वेगवेगळे मोजले तर ६.

विभाजक मात्र कुणी पाडत नाही, ते काढतात. निःशेष भाग जाणारी प्रत्येक संख्या विभाजक, मग ती मूळ असो, संयुक्त असो, १ असो की खुद्द ७,२०,७२०. २ घ्यायचा तो शून्यापासून चार वेळांपर्यंत, म्हणजे पाच प्रकारे. ३ तीन प्रकारे. उरलेले चार प्रत्येकी दोन प्रकारे. ५ × ३ × १६ = २४०. सैलपणे यांनाही अवयव म्हटलं जातं, तिथेच गोंधळ होतो. मी तरी ‘मूळ अवयव’ आणि ‘विभाजक’ असंच म्हणेन, नुसतं ‘अवयव’ टाळेन.

भाजक हे नुसतं भागाकारातलं पद. ७,२०,७२० ला १७ ने भागलं तर ५ बाकी उरते, तरी १७ भाजकच, विभाजक नव्हे.

जाता जाता: ‘मसावि’मधला वि विभाजकाचा, ‘लसावि’मधला विभाज्याचा. १ ते १६ या सगळ्या संख्यांचा लसावि काढून बघा, ७,२०,७२० च येईल.