मलालासारखं धाडस आपल्या मुलींमध्ये कसं आणायचं? माझी भाची स्वतःच्या शिक्षणासाठी एक शब्द बोलत नाही

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की भाची चांगल्या मार्कांनी दहावी पास झाली, घरचे तिच्यासाठी स्थळं बघताहेत आणि ती खाली मान घालून बसते. तुम्ही तिचे सख्खे मामा. ते 'मामा' वाचलं आणि रात्रपाळी करून आलेली मी झोपायचं सोडून लिहायला बसले.

सोळा वर्षांच्या पोरीकडे धाडस मागू नका. बोलायचं आहे ते तुम्ही.

मलालाचंच घ्या. २००९ साली तिने 'गुल मकई' या नावाने बीबीसी उर्दूसाठी डायरी लिहिली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पाकिस्तानातल्या स्वातमध्ये तालिबानने मुलींच्या शाळा बंद करायचा हुकूम काढला होता. पण तिचे वडील स्वतः शाळा चालवत होते, उघड बोलत होते. म्हणजे बंदूक बाहेर होती, घरात बाप तिच्या बाजूने उभा होता. तुमच्या भाचीचं बरोबर उलटं आहे. बाहेर कॉलेज आहे, एसटी आहे, कुणी अडवत नाही. अडवणारे घरातच बसलेत, त्यांच्याच ताटातलं ती जेवते. तिने कुणाच्या भरवशावर तोंड उघडायचं?

आता माझं सांगते.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाची गाडी यायची, ती गुढीपाडव्याच्या पुढेमागे पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर परत. गावात शाळा सातवीपर्यंत. १९९९ साली मी सातवी झाले आणि घरात स्थळाचं बोलणं सुरू झालं. मुलगा एकोणीस वर्षांचा, कोयत्यावर जाणारा. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. जोडी असली की मुकादम पूर्ण उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, एकट्याला अर्धा कोयता. मुलाकडच्यांना जोडी पुरी करायची होती. माझ्या घरच्यांना वयात आलेली पोर सहा महिने कोणापाशी ठेवायची हा घोर होता. उसाच्या फडावर नेली तर तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ना दार ना कडी. हे मी आज समजून घेऊ शकते. तेव्हा मला एवढंच कळत होतं की शाळा सुटणार.

आणि मी गप्प नव्हते. हे मला नीट सांगायचंय, कारण आमच्या नात्यात अजूनही म्हणतात, 'तू तेव्हा काही बोललीच नव्हतीस.' दादांना मी विहिरीवर म्हणाले होते, मला आठवीला जायचंय. एक थोबाडीत बसली. मग मी मामाला पत्र लिहिलं. मामा आमच्या सगळ्या गोतावळ्यात एकटा बारावी झालेला, तालुक्याला नोकरीला. दादा त्याचा शब्द मोडायचे नाहीत. पोस्टातून निळं आंतरदेशीय आणलं आणि लिहिलं की मामा, सुपारी फोडायच्या आधी या, तुम्ही सांगितलं तर दादा ऐकतील.

मामा आला. ओसरीवर घोंगडी टाकली होती. दादा, चुलते, मुकादम, मुलाचा बाप आणि मामा बसले होते. मी चहा घेऊन गेले. मामाच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशातून माझ्या पत्राचा निळा कोपरा वर आलेला दिसत होता. तो बघून माझ्या जिवात जीव आला. मी आत जाऊन दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिले. आता बोलेल, मग बोलेल. मामाने चहा बशीत ओतला, प्यायला, बशी उपडी ठेवली. दादांनी विचारलं, "पावणं, तुमचं काय म्हणनं?" मामा म्हणाला, "तुमी सगळे ठरवाल ते."

बोलली ती आजी, दादांची आई. तिला अक्षर येत नव्हतं आणि बैठकीत बायका बोलत नसत. ती उंबऱ्याच्या आतच बसून म्हणाली, "पोर मह्यापाशी ऱ्हाईल. तुमी जावा कारखान्याला. तिला मी शाळंत धाडीन." चुलते म्हणाले, म्हातारे, तू किती दिवसाची? ती म्हणाली, "तिची धाव्वी होईस्तोवर मरत नाही मी." मुलाचा बाप उठून गेला. दादा पंधरा दिवस आजीशी बोलले नाहीत.

आठवी ते दहावी मी एसटीने गेले. मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून पास फुकट होता, नाहीतर तेही जमलं नसतं. तो पास आजी तिच्या चंचीत ठेवायची, सुपारी-तंबाखूबरोबर. सकाळी फाट्यापर्यंत माझ्याबरोबर चालत यायची, गाडी दिसली की चंची सोडून पास माझ्या हातात द्यायची आणि संध्याकाळी उतरले की परत घ्यायची. त्यावर चुन्याची बोटं उमटलेली होती, माझा फोटो निम्मा पांढरा झाला होता. रात्री दाराला आतून पहार लावून, उशाला विळा घेऊन ती झोपायची. दहावीचा निकाल तिने ऐकला. पुढे मी नर्सिंगचं जीएनएम केलं आणि आज ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे.

गेल्या वर्षी मावसभावाच्या लग्नात मामा चार लोकांत म्हणाला, "मी मनातून हिच्याच बाजूनं होतो." मामा, मनातल्या बाजूचा तेरा वर्षांच्या पोरीला काय उपयोग? दाराच्या फटीतून मन दिसत नाही. हे मी तिथे म्हणू शकले नाही, वय झालंय त्याचं. इथे म्हणते.

दर ३ जानेवारीला मला शाळांमध्ये बोलवतात. मुलींनी सावित्रीबाईंसारखं धीट व्हावं अशी भाषणं होतात. सावित्रीबाई धीट होत्याच, शेण-चिखल झेलत त्या शाळेत गेल्या. पण १८४९ मध्ये जोतिरावांच्या बापाने शाळा सोडा नाहीतर घर सोडा असं निक्षून सांगितल्यावर जोतिरावही त्यांच्याबरोबर घराबाहेर पडले होते, ते त्या भाषणांत कुणी पुरुषांना सांगत नाही. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे चौदा वर्षांची होती, १८५५ मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आजही वाचताना अंगावर काटा येतो. पण तिच्यासाठी शाळा आधी काढली होती, तिचं ऐकून घेणारी मोठी माणसं समोर बसली होती. पोर बोलते, पण ऐकणारं माणूस आहे हे तिला आधी दिसावं लागतं.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर आधी बहिणीला गाठा. तिचंही मन शाळेकडे असेल आणि घरात तिला विचारत नसतील, हे नेहमीचं. मग मेहुण्यांना समोर बसून सांगा, फोनवर नको. लग्नात अंतरपाटाच्या वेळी भाचीच्या मागे मामा उभा राहतो. तुम्ही स्पष्ट सांगा की अठराच्या आत लग्न लावलंत तर मी तिथे उभा राहणार नाही. नात्यात याचं वजन किती असतं हे तुम्हाला माहीत आहे. नुसतं 'शिकवा' म्हणून येऊ नका, माझ्या आजीसारखं 'माझ्यापाशी राहील' म्हणता येत असेल तर म्हणा. अडचण बहुतेक वेळा तीच असते. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहेत, दाखला आणि मार्कशीट आजच ताब्यात घ्या, तारीख निघून गेली की घरच्यांना आयतं कारण मिळतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहं आहेत, मुलींची वेगळी. पुढे डिप्लोमा-डिग्रीचा खर्च म्हणून घाबरत असतील तर आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरातल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची फी २०२४ पासून पूर्ण माफ आहे.

ऐकलंच नाही तर १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा. गावात ग्रामसेवक (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. प्रसूती कक्षात मी सोळा-सतरा वर्षांच्या पोरी बघते, आधार कार्डावरचं वय वाचताना सोबतची सासू नजर चुकवते. राज्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी साधारण २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालंय, हे सरकारच्याच २०१९-२१ च्या पाहणीत आहे. आमच्या जिल्ह्यात प्रमाण त्याहून खूप जास्त.

एक राहिलं. घरात मारहाण होत असेल तर आधी पोरीला तुमच्याकडे आणा आणि मग बोला. आधी बोलून निघून आलात तर राग तिच्यावर निघेल. आणि माझे दादा वाईट नव्हते. उचल फिटत नव्हती, घाबरलेले होते. पहिल्या पगाराची साडी मी आजीला नेली, तेव्हा तिची घडी दादांनीच मोडून दिली.

जिल्हा कोणता ते खाली लिहा. बीड, धाराशिव किंवा नगर असेल तर वसतिगृहात जागा आहे का हे मी सोमवारी विचारून सांगते.