पहिल्याच फटक्यात व्हिक्टरी नको

जहाजाचं पहिलंच लाकडी मॉडेल करायचं आणि १०४ तोफांची ‘व्हिक्टरी’ ही जुनी ब्रिटिश युद्धनौका बघून भुललास की रे! राहू दे ती. आधी एका डोलकाठीची बोट घे.

आणि बेळगावच्या पावसात फळ्या चिकटवू नकोस. टिळकवाडीतल्या खोलीत मी जुलैमध्ये चिकटवल्या. उन्हाळ्यात लाकूड आकसलं आणि सांध्यांत नख जाईल एवढ्या फटी पडल्या.

फळी कोमट पाण्यात भिजव, सांगाड्यावर वाकवून कपड्यांच्या चिमट्यांनी धर, रात्रभर वाळू दे, मगच गोंद लाव. एक डावीकडं, एक उजवीकडं. एकच बाजू भरलीस तर कणा पिळतो, मग काही इलाज नाही.

डोलकाठीच्या दोऱ्याला मेण चोळ, म्हणजे तूस बसतं. रंगाचं नंतर बघू.

जमलं की १८१७ साली मुंबईत सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका करू. माझी अजून अर्धीच आहे.