ऑर्डरी वाढल्या पण पैसा कुठं जातो?

प्रश्न: भाऊ नमस्कार. मी अमळनेरची. उडदाचे पापड, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया करते, चार वर्षं झाली. आधी मी आणि जाऊबाई दोघीच होतो, आता सीझनला आठ बाया येतात लाटायला. ऑर्डरी भरपूर आहेत पण हातात काही राहत नाही, सासूबाई तर रोज विचारतात, पैसा कोठे ग्यात? आता पुण्याचा एक दुकानदार महिन्याला दोन क्विंटल पापड मागतोय, 20 टक्के मार्जिन आणि दोन महिने उधारी म्हणतो. मिस्टर म्हणतात त्यासाठी लोन काढून मशीन घे. गल्लीतले म्हणतात अमळनेरातून विप्रो निघाली, तू का मागं राहतेस! माझा हिशोब असा: किलोला पीठ-मसाला 150, लाटणावळ 60, पॅकिंग 12, विकते 280 ला. काय करू?

उत्तर: ताई, आधी विप्रोचं उरकून टाकू, कारण अमळनेरचं पत्र आलं की त्यात विप्रो असतेच. 1945 ला तिथं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला हे खरं, पण कॉम्प्युटरकडं वळेपर्यंत पस्तीसेक वर्षं गेली, तोवर तूप, तेल, साबण हेच चालू होतं. गल्लीवाल्यांना एवढं सांगा आणि चहा पाजा.

आता तुमचा हिशोब. मी कागदावर मांडला तर 150 अधिक 60 अधिक 12 म्हणजे 222. 280 तून दुकानदाराचे 20 टक्के म्हणजे 56 गेले, राहिले 224. म्हणजे किलोमागं दोन रुपये! दोन क्विंटलचे महिन्याला 400 रुपये, आणि त्यात अजून ट्रान्सपोर्ट नाही, तुटलेल्या पापडांचा चुरा नाही, पावसानं ओला झालेला माल नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमची स्वतःची मजुरी नाही. पहाटे चारला उठून पीठ मळता, हिंग-पापडखाराचं प्रमाण बघता, बायांना लाट्या पाडून देता, त्याचे पैसे कुठं धरलेत तुम्ही? आठ बायांना देता, नवव्या बाईला फुकट राबवता. सासूबाईंचं उत्तर इथंच आहे. आणि ह्या 400 रुपयांसाठी दोन महिन्यांचे मिळून 89,600 त्याच्याकडं अडकून राहणार.

हे मी शहाणपणानं नाही सांगत, ठेच लागलीय म्हणून सांगतोय. फैजपूरकडं मी केळीचे वेफर्स करायचो. कच्ची केळी सोलून सोलून चिकानं बोटं अशी काळी व्हायची की लग्नाकार्यात हात खिशात घालून बसायचो. चार-साडेचार किलो केळीतून जेमतेम किलोभर वेफर्स निघायचे पण रोखीचं गिऱ्हाईक होतं, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र आली की कढई थंडच होत नव्हती. मग बाहेरगावचा एक व्यापारी भेटला, त्यानं पहिली तीन बिलं अगदी वेळेवर दिली, मी खुश, चौथ्या वेळी त्यानं डबल माल मागितला आणि मी लगेच दुसरी कढई, दुसरा कारागीर, तेलाचे डबे उधारीवर, सगळं करून बसलो. कागद काही नाही, नुसतं फोनवर हो-हो. सात महिने पैसे अडकले. तेलवाल्यानं डबे बंद केले, आणि गंमत म्हणजे त्या काळात माझी विक्री सगळ्यात जास्त होती! रजिस्टर भरलेलं आणि गल्ला रिकामा. त्या दिवसांत जुनंच तेल जास्त वेळ ओढलं, माल खवट लागला, आणि रोखीनं नेणारी जुनी गिऱ्हाइकंही तुटली. व्यापाऱ्याचे पैसे नंतर आले तुकड्या-तुकड्यानं, ती गिऱ्हाइकं मात्र नाही आली.

तुमच्या धंद्यात तर अजून एक भानगड आहे. माल बनतो मार्च ते मे, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, कारण आपलं खान्देशी ऊन हाच तुमचा ड्रायर, आणि विक्री चालते वर्षभर. म्हणजे डाळीचे नि मजुरीचे पैसे तीन महिन्यांत जातात आणि परत येतात थेंब-थेंब. उधारीची खरी कळ तिथं लागते.

म्हणून दुकानदाराला नाही म्हणू नका पण भावाचं आधी बोला. त्याला 20 टक्के हवे असतील तर पुण्यासाठी छापील भाव वेगळा ठेवा, आपल्या हातानं लाटलेल्या पापडाला तिथं जास्त पैसे देणारे आहेत. सुरुवात 20 किलोनं, निम्मे पैसे आधी, गाडीभाडं त्याचं. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारकडची नोंदणी, नसेल तर करून घ्या, ऑनलाइन फुकट होतं, त्याचे पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानं तुमच्यासारख्या नोंदणी केलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. आणि 1 एप्रिल 2024 पासून मुदतीत पैसे दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च पैसे चुकते करेपर्यंत इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. त्याच्या सीएला हे माहीत असणारच, तुम्ही फक्त बिलावर उद्यम नंबर टाका. कायदा दाखवून कुणी खिशात हात घालतोच असं नाही, पण दोन महिने म्हणणारा माणूस जरा सावरून बोलतो.

मशीनचं मिस्टरांना सांगा, थांबा. तुमची अडचण लाटण्याची नाहीच, आठ बाया आहेत की. हप्ता दर महिन्याला येणार, पावसाळ्यातही येणार, पापड काही पावसाळ्यात वाळत नाही. शिवाय मशीनचा पापड मिळायला तुमच्याकडं कोण कशाला येईल, तो तर सगळीकडं आहे.

बँकेत धंद्याचं खातं वेगळं काढा आणि दर महिन्याला त्यातून स्वतःला पगार द्या, लाटणाऱ्या बाईएवढा तरी. तो निघत नसेल त्या महिन्यात भाव चुकतोय असं समजा.

आणि बिबड्यांचा हिशोब लिहिलाच नाहीत तुम्ही! ज्वारी भिजवायची, घाटा शिजवायचा, सगळी मेहनत तुमच्याच अंगावर, तिथं काय सुटतं तेही कळवा. लसूण-तीळ घातलेले असतील तर एक किलो इकडे पाठवा, रोख.