आवाहन, आव्हान की पाचारण? रोग बरे करणाऱ्या शक्तीला बोलवायचा शब्द

प्रश्न थोडक्यात असा: पाश्चात्त्य गूढविद्येवरच्या इंग्रजी मजकुराचं मराठी भाषांतर चाललं आहे. त्यात आजार बरा व्हावा म्हणून राफाएल या देवदूताला बोलावण्याचा एक विधी आहे आणि बुएर नावाच्या ‘स्पिरिट’ला बोलावण्याचा दुसरा. पहिल्याला मूळ लेखक ‘इन्व्होकेशन’ म्हणतो, दुसऱ्याला ‘इव्होकेशन’. दोन्हींना एकच शब्द चालेल का? आणि मसुद्यात ‘आव्हान’ लिहिलं आहे ते ठेवावं का, कारण हिंदीत तर ‘आह्वान’च लिहितात.

‘आव्हान’ आधी काढा. मूळ संस्कृत शब्द ‘आह्वान’, धातू ‘ह्वे’ म्हणजे हाक मारणं. जिह्वेची जशी मराठीत जिव्हा झाली, तसं आह्वानाचं आव्हान झालं. हिंदीने ‘हाक’ हा अर्थ सांभाळला, मराठीने ‘ललकारी’चा घेतला. हा अर्थ मराठीने मनाने काढलेला नाही. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘स्पर्धायामाङः’: स्पर्धेचा अर्थ असेल तेव्हा आ + ह्वे आत्मनेपदात चालवायचा. म्हणून ‘मल्लो मल्लमाह्वयते’, एक पैलवान दुसऱ्याला ललकारतो. पण गुराखी गाईला नुसती हाक मारतो तेव्हा ‘आह्वयति’. मराठीच्या वाट्याला पैलवानाचा अर्थ आला. ‘राफाएलला आव्हान’ असं छापलंत तर वाचक देवदूताशी कुस्ती समजेल.

‘आवाहन’ त्याहून वेगळ्या घराण्यातला. धातू ‘वह्’, वाहून आणणं. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नीबद्दल ‘स देवाँ एह वक्षति’ म्हटलं आहे, तो देवांना इकडे घेऊन येवो. त्या ‘वक्षति’मध्ये हाच धातू आहे. म्हणजे आवाहनात नुसती हाक नाही, येणाऱ्याला सन्मानाने आणून बसवणं आहे. षोडशोपचारांत आवाहनापाठोपाठ आसन येतं ते याचमुळे. अर्थात वर्तमानपत्रातल्या ‘नागरिकांना आवाहन’ने या शब्दाची धार बरीच घालवली आहे, पण पूजेच्या संदर्भात ती अजून शाबूत आहे.

आता लॅटिन बाजू. ‘व्होकारे’ म्हणजे बोलावणं. त्याचं आणि आपल्या ‘वाच्’चं मूळ एकच. ‘इन’ लावलं की आत बोलावणं, ‘एक्स’ लावलं की बाहेर बोलावणं. रोमन लोकांत ‘एव्होकातिओ’ नावाचा युद्धविधीच होता: वेढा घातलेल्या नगराच्या देवतेला, हे शहर सोड, आमच्याकडे ये, तुझं मंदिर बांधतो, असं सांगायचं. इ.स.पू. ३९६ मध्ये कामिल्लुसने व्हेयी नगराच्या जुनोला असंच बोलावल्याची कथा लिव्ही देतो.

गूढविद्येत या दोन शब्दांची काटेकोर वाटणी रूढ केली ती विसाव्या शतकातल्या इंग्रज गूढविद्यावादी अ‍ॅलिस्टर क्रोलीने. त्याचा भेद जागेवरून ओळखता येतो: देवतेला जमिनीवर आखलेल्या रिंगणाच्या आत, साधकाकडे बोलावतात, स्पिरिटला रिंगणाबाहेरच्या त्रिकोणात उभं करतात. भाषांतर करताना हीच कसोटी लावा. बोलावलेला कुठे येतो ते बघा, मग शब्द निवडा. एक सावधगिरी मात्र हवी. बुएरचं वर्णन ज्या सतराव्या शतकातल्या ‘लेमेगेटन’ या मंत्रपोथीत आहे (त्याचा पहिला भाग ‘गोएतिया’ मॅथर्सच्या भाषांतरावरून क्रोलीने १९०४ मध्ये छापला), त्यातले मंत्र स्पिरिटसाठीही ‘इन्व्होकेट’ हेच क्रियापद वापरतात. ती वाटणी तिथे नाहीच. जुन्या पोथीतला उतारा आणि विसाव्या शतकातलं विवेचन एकाच प्रकरणात असेल, तर इंग्रजी शब्दामागे न जाता विधीमागे जा.

राफाएलसाठी ‘आवाहन’ चपखल बसतो. नावाचाच अर्थ ‘देव बरं करतो’. हिब्रूतला ‘राफा’ म्हणजे बरं करणं, आणि आजही तिथे डॉक्टरला ‘रोफे’ म्हणतात. तोबितच्या पुस्तकात, एका जुन्या ज्यू धर्मकथेत, तो मुलाकडून माशाचं पित्त लाववून त्याच्या आंधळ्या बापाची दृष्टी परत आणवतो. १८८८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाच्या पंचकोनविधीत (पंचकोन म्हणजे इथे पाच टोकांची चांदणी) साधक पूर्वेला तोंड करून उभा राहतो. राफाएल पुढे, गाब्रिएल मागे, मिखाएल उजव्या हाताला, आउरिएल डाव्या. पूर्व दिशा, वायुतत्त्व, पिवळा रंग हा राफाएलचा परिसर. त्याआधी पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर असं फिरत प्रत्येक दिशेला हवेत पंचकोन काढायचा. इथे भाषांतरात नेहमी घोटाळा होतो. पंचकोन तोच, पण डाव्या खालच्या टोकापासून वरच्या टोकाकडे रेघ सुरू केली तर तो पृथ्वीतत्त्वाचा घालवणारा, वरून डाव्या खालच्या टोकाकडे आणली तर बोलावणारा. ‘वर’, ‘खाली’, ‘डावीकडून’ यांतला एक शब्द गळला तरी विधी उलटा होतो.

हे ‘बॅनिशिंग’ म्हणजे उच्चाटन नव्हे. उच्चाटन हे तंत्रातल्या षट्कर्मांतलं, माणसाला जागेवरून उठवून लावणारं कर्म. इथे फक्त जागा मोकळी करायची असते. त्यासाठी आपल्याकडे ‘भूतोत्सारण’ आहे, पूजेच्या आरंभी ‘अपसर्पन्तु ते भूता’ म्हणतात तेच. शब्द जड वाटला तर ‘जागा मोकळी करणे’ असं सरळ लिहा.

वेळेसाठी मूळात ‘प्लॅनेटरी अवर’ असेल. त्याला ‘होरा’ लिहा, पंचांग पाहणाऱ्याला लगेच कळेल. राफाएलचा वार बुधवार, होरा बुधाची. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे १२ समान भाग करायचे. पहिली होरा वाराच्या स्वामीची आणि आठवी पुन्हा त्याचीच. सूर्योदय ६.०० आणि सूर्यास्त ७.१२ असेल तर एक होरा ६६ मिनिटांची. बुधाची पहिली ६.०० ते ७.०६, पुढची दुपारी १.४२ ते २.४८. सरसकट ६० मिनिटं धरली की दुपारची होरा ४२ मिनिटं अलीकडे सरकते. काही विधींत राफाएल सूर्याशी जोडलेला दिसेल. ती चूक समजून ‘बुध’ करू नका. गोल्डन डॉनच्या जीवनवृक्षावर (कबाला या ज्यू गूढविद्येतल्या आकृतीवर) तो सूर्याच्या स्थानी आहे, ग्रहदूतांच्या यादीत बुधापाशी. दोन्ही त्यांचंच.

बुएरकडे वळलं की भाषा बदलावी लागते. पोथीतल्या ७२ स्पिरिटच्या यादीत तो दहावा, ५० पलटणींचा ‘अध्यक्ष’ (प्रेसिडेंट हा यादीतला एक हुद्दा). वनस्पतींचे गुण शिकवतो आणि माणसाची सर्व दुखणी बरी करतो असं पोथी सांगते. पाचवा मार्बास आधी सिंहरूपात येतो, आजार आणतोही आणि घालवतोही. यांना सन्मानाने आसन देत नाहीत, हुकमाने बोलावतात. वरच्याने खालच्याला बोलावण्याचा मराठी शब्द ‘पाचारण’. तो घ्या.

रिंगण ९ फूट व्यासाचं. त्रिकोण त्यापासून २ फुटांवर, ३ फूट रुंद, ज्याला बोलवायचं त्याच्या दिशेला. ‘सर्कल’ला ‘मंडल’ लिहिण्याचा मोह होतो, पण तो टाळा. आपल्या मंडलात देवता बसते, इथल्या वर्तुळात माणूस उभा असतो आणि येणारा बाहेर. ‘मंडल’ लिहिलंत की वाचकाच्या डोळ्यांपुढे दोघांच्या जागा बदलतात. वासराच्या कातड्यावर काढलेला षट्कोन (सहा टोकांची चांदणी) झग्याच्या घेरावर लावून कापडाने झाकायचा आणि येणारा दिसला की उघडून दाखवायचा, म्हणजे तो माणसाचं रूप घेतो आणि ऐकतो.

अध्यक्षांची मुद्रा, म्हणजे स्पिरिटचं चिन्ह असलेली चकती, ‘फिक्स्ड मर्क्युरी’ची, घट्ट केलेल्या पाऱ्याची. याला रसशास्त्रात तयार शब्द आहे, ‘बद्ध पारद’. ‘पारा’ एवढंच लिहिणं अर्थाने अपुरं आणि धोक्याचंही, कारण साधा पारा हाताळणाऱ्याच्या श्वासात त्याची विषारी वाफ जाते. विधीतली कोळशाची शेगडी बंद खोलीत असेल तर तीही घातकच. तिथे भाषांतरकाराची टीप हवी. काळ चंद्र २, ४, ६, ८, १०, १२ किंवा १४ दिवसांचा असतानाचा, म्हणजे शुक्ल पक्ष. अध्यक्षांना एरवी केव्हाही बोलवता येतं, फक्त तिन्हीसांजेला नाही.

बुएरच्या वर्णनात ‘सॅजिटरी’ हा शब्द दोन कामं करतो: त्याचं धनुर्धारी रूप आणि सूर्य त्या राशीत असण्याचा काळ. सरळ ‘धनु राशीत सूर्य असताना’ लिहिलंत तर मराठी वाचक पंचांग उघडून डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंतचा काळ काढेल. पोथीची रास सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली, सुमारे २२ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर. आपलं पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजणारं. जवळपास २४ अंशांचा फरक पडतो, म्हणून ‘सायन धनु’ असं स्पष्ट लिहा.

‘कंज्युरेशन’साठी शब्द शोधायलाच नको. लॅटिन ‘युरारे’ म्हणजे शपथ घेणं. मराठीत ‘आण घालणे’. एकदा आण घालून आला नाही तर दुसऱ्यांदा, मग त्याच्या राजाला बोलावणं, शेवटी अग्नीची धमकी: त्याची मुद्रा काळ्या पेटीत गंधक, हिंग अशा उग्र वासाच्या जिनसांबरोबर घालायची, पेटी लोखंडी तारेने बांधायची, तलवारीच्या टोकाला अडकवून निखाऱ्यांवर धरायची. ‘अ‍ॅसाफेटिडा’ म्हणजे आपला हिंगच. ‘विशिष्ट वनस्पतीचा डिंक’ असं लिहून तो लपवू नका. फोडणीतल्या हिंगाचा वास ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या पेटीचं काम एका शब्दात कळतं.

‘स्पिरिट’ला ‘आत्मा’ नको, कारण बुएर हा मेलेला माणूस नाही. ‘आत्मा’ म्हटलं की प्लँचेट डोळ्यांपुढे येतं. ‘स्पिरिट’ तसंच ठेवलंत तर आजारपणाच्या मजकुरात जखमेवर लावायचं औषध वाटेल. अमरकोशाने यक्ष, गंधर्व, गुह्यक यांच्याबरोबर पिशाच आणि भूत यांनाही ‘देवयोनी’त घातलं आहे. सामुदायिक शब्द म्हणून ‘देवयोनी’ चालेल. एकट्या बुएरसाठी ‘रोगहारी देवयोनीतला बुएर’ असं एकदा लिहून पुढे नुसतं नाव.

आणि ‘पझेशन’चा उल्लेख आला तर ‘अंगात येणे’. ते आवाहनाच्या जवळचं दिसलं तरी निराळं आहे, कारण तिथे माणसाचा ताबा सुटतो. क्रोलीच्या अर्थाच्या इन्व्होकेशनला आपल्याकडचा जवळचा विधी म्हणजे अंगन्यास: मंत्राने देवतेला आपल्याच अवयवांवर स्थापन करणं, तेही पूर्ण भानावर राहून.

शेवटी ‘लायसन्स टू डिपार्ट’. ‘परवाना’ नको, ‘विसर्जन’ राफाएलपुरतं ठेवा. बुएरला ‘रजा देणे’. पोथीतला रजेचा मजकूर मराठीत असा उतरेल: ‘विचारलेलं तू नीट सांगितलंस, आता तुझ्या ठिकाणी जा, माणसाला, जनावराला इजा करू नकोस, बोलावीन तेव्हा ये.’ ही रजा दिल्याशिवाय रिंगणाबाहेर पाऊल टाकायचं नसतं, म्हणून हा परिच्छेद संक्षेपात गाळू नका. त्यातलं शेवटचं वाक्य लिहिताना आपलं ‘पुनरागमनाय च’ कानात असू द्या. दोन्हीकडे मागणं एकच आहे.